विमानाच्या ओट्यावरचे तीन कोरडे दिवस

जुना ओटा फोडायला घेतला त्या दिवशी मी साइटवर मुद्दाम उशिरा गेलो. वाटलं होतं, जाईपर्यंत निम्मं काम उरकलेलं असेल, तुकडे ट्रॉलीत भरलेले असतील आणि मला फार काही बघावं लागणार नाही. जाऊन पाहतो तर ब्रेकर बंद आणि तो चालवणारा माणूस घाम पुसत बसलेला.

ओटा म्हणजे विमानं उभी करायची जागा. कागदावर तिला एप्रन म्हणतात. आमच्या जिल्ह्यात एका माळावर छोटा विमानतळ आहे. एक धावपट्टी, दोन खोल्यांची इमारत, तारेचं कुंपण आणि हा ओटा, एवढाच त्याचा पसारा. आता मोठी विमानं उभी राहायची म्हणून जुना ओटा काढून दुप्पट मोठा करायचं काम निघालंय. ठेकेदाराने मला सुपरवायझर म्हणून घेतलं ते मी जुना माणूस, जागा माहीत असलेला म्हणून. जागा मला माहीत होती हे खरंच आहे.

इंजिनिअर बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी फुटलेला एक तुकडा उचलून माझ्यापुढे धरला.

"काका, हे बघा. वरचा बोटभर थर नुसता भुसा. नखाने निघतोय. आणि खाली दगड! दोन छिन्न्या मोडल्या याच्या ब्रेकरच्या. कोणी केलं होतं हो हे काम?"

"का?"

"का म्हणजे, आतला माल एक नंबर आहे. सुरुवातीला पाणी मिळालेलं नाही याला, बस. वरचा थर तापून मेला. कोणीतरी चांगल्या गवंड्याच्या कामाची वाट लावली." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही होतात ना तेव्हा?"

"होतो," मी म्हणालो.

तुकडा त्यांच्या हातातून घेऊन ट्रॉलीत टाकला. पण त्या बाईंनी पाच मिनिटांत जे ओळखलं ते तेव्हाच्या चौकशीला कळलं नव्हतं, आणि ते कळू नये अशी व्यवस्था मीच केली होती. हे मी तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही.

तेव्हा मी तिशीतला. डिप्लोमा झालेला, अंबाजोगाईला खोली करून शिकलेला, आणि एका मजूर सहकारी संस्थेत सुपरवायझर. सरकारी कामं अशा संस्थांना मिळायची. मजूर सभासद असायचे, चेअरमन मात्र मजूर नसायचा. दुष्काळाचं साल होतं, लागोपाठचं दुसरं. लोकांच्या हाताला काम पाहिजे आणि पुढाऱ्यांची विमानं उतरायला जागा पाहिजे, अशा दोन गरजा एकाच माळावर भेटल्या आणि ओट्याचं काम आमच्या संस्थेला मिळालं. त्याआधी तिथे मुरुमावर डांबराचा एक पट्टा होता, उन्हाळ्यात विमानाचं चाक त्यात रुतायचं. त्यावर काँक्रीट करायचं होतं.

कामाला मिस्त्री नेकनूरचे होते. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, काटक, कानाला पेन्सिल लावलेले. ती पेन्सिल त्यांनी वापरलेली मी कधी पाहिली नाही. मापं सगळी डोक्यात. त्यांच्या टोळीत त्यांचा मुलगाही होता. लग्न झालेला, बापासारखाच हाताने साफ. बाप कुणाचं कौतुक करायचा नाही, पण मुलाने लाकडी रंधा मारून सपाट केलेल्या काँक्रीटच्या पट्ट्याकडे जरा जास्त वेळ बघत उभा राहायचा. एप्रनला 'ओटा' हे नाव मिस्त्रींनीच दिलं.

"साहेब, इमान काय आन् म्हैस काय, बांधायला ओटा लागतोच की."

काँक्रीट टाकल्यावर त्याला चौदा दिवस पाण्यात ठेवावं लागतं. आमच्या टोळीतले सगळे शेतकरी. त्यांनी ओट्यावर चक्क वाफे केले. काळ्या मातीचे वीतभर वरंबे घालून चौकोन पाडले आणि टँकरने एकेक चौकोन भरायला लागले, गव्हाला पाणी द्यावं तसे. शेतात वाफे पाडायला पाणी नव्हतं, म्हणून ती माणसं काँक्रीटवर मनापासून वाफे पाडत होती. कुठे वरंबा फुटला की "अरे बारं धर, बारं धर!" म्हणून पिकाला पाणी देताना ओरडतात तसं ओरडायची आणि मग आपणच आपल्याला हसायची. सगळा माळ जळालेला आणि मध्ये हे पाणी. होले यायचे, चिमण्या यायच्या. शेजारच्या वस्तीवरच्या बायका कुंपणाच्या तारेला धरून उभ्या राहायच्या.

मिस्त्री त्यांना संध्याकाळी एकेक घागर भरू द्यायचे. गुरांसाठी. मला कळल्यावर मी सगळ्यांदेखत त्यांना झापलं.

"मिस्त्री, हे सरकारी कामाचं पाणी आहे. धर्मशाळा नाही ही."

"घागरीनं काय ओटा वाळतोय व्हय, साहेब?"

"वाळेल न वाळेल, नियम आहे."

"बरं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून बायका आल्या नाहीत. मला तेव्हा आपण फार कडक आणि सचोटीचे आहोत असं वाटलं होतं.

त्याच महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न धरलेलं होतं. पाटोद्याकडचं स्थळ. आदल्या वर्षी दुष्काळ म्हणून एकदा पुढे ढकललेलं. मुलाकडचे निरोपावर निरोप पाठवत होते, "पाण्याची सोय असंल तरच तारीख पक्की धरा. आमची माणसं लई हायेत. न्हाईतर सोडून द्या." आता ढकललं तर मोडलं, हे घरात सगळ्यांना कळत होतं.  बहिणीने फक्त हौद घासून ठेवला होता, रिकामा.

गावात टँकर आठवड्यातून एकदा यायचा. आसपासच्या पाण्याच्या विहिरी तहसीलने ताब्यात घेतलेल्या. वडील वाड्या-वस्त्या फिरून आले. चुलते म्हणाले, "तुझ्या हाताखाली टँकर हाय की बे. तू कावून गप बसला?"

मी म्हणालो, तसं करता येत नाही. मनात मात्र त्याच दिवशी ठरलं होतं.

शेवटचा पट्टा टाकला, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर वाफे पाडून झाले, आणि मी मिस्त्रींना सांगितलं की काम संपलंय, टोळीला तीन दिवस सुट्टी द्या, सगळे माझ्या बहिणीच्या लग्नाला या.

"लग्नाला येतोच की. पण मी राहतो हितं पाणी बघायला. एका दिवसासाठी जाऊन येईन. पहिले दिस लई नाजूक असत्यात."

"तुम्ही कशाला? मी आहे ना. टँकर येतोय, वॉचमन आहे. जा, घरी जाऊन या जरा."

ते थोडे घुटमळले. मग मुलाला म्हणाले, "चल, साहेब बघतेत." आणि गेले. मी त्यांना आग्रहाने बोलावलं त्यात आपुलकीही होती, नव्हती असं नाही. पण ओटा कोरडा पडलेला बघायला तिथे कुणी असू नये, हे त्याहून जास्त होतं.

तीन दिवस टँकर माझ्या गावाला गेला. वॉचमनला मी सांगितलं, टँकर बिघडलाय. ड्रायव्हर माझ्या गावाकडचा, त्याला काही सांगावं लागलं नाही. उन्हाळा ऐन तोंडावर होता. सकाळी दहालाच माळावर उभं राहवत नव्हतं. वाफ्यांतलं पाणी किती वेळ टिकलं असेल ते मला ठाऊक होतं. दुपारपर्यंतही नाही.

लग्न मात्र थाटात झालं. हौद भरलेला, रांजण भरलेले, पंगतीला तांब्यावर तांबे. पाटोद्याचे व्याही वडिलांना म्हणाले, "पाव्हणं, या सालात असं पाणी कुठं बघितलं न्हाई." लोक हात धुताना जरा जास्तच पाणी सांडत होते, नुसतं आहे म्हणून. बहीण खूश होती. मीही होतो. हे आज लिहायला जड जातं, पण होतो.

मिस्त्री मुलाला घेऊन आले. वडिलांना टॉवेल-टोपीचा आहेर केला. पंगतीला बसले. मीच वाढत होतो. जेवण झाल्यावर हात धुवायला ते मांडवाच्या मागे गेले, आणि तिथे टँकर उभा होता. संस्थेचं नाव चिखल लावून झाकलं होतं, पण मागचा चेपलेला पत्रा आणि सुतळीने बांधलेली तोटी कशी झाकणार? रोज त्याच तोटीला पाइप लावून ते वाफे भरत होते. मी तांब्या घेऊन पाठोपाठ गेलो होतो. त्यांनी टँकरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हात पुढे केले. मी पाणी घातलं.

"चांगलं झालं सगळं," ते म्हणाले. "ताईला सुखाचं हूं द्या."

आणि लगेच मुलाला घेऊन निघाले, थेट साइटवर. मी दुसऱ्या दिवशी पोचलो तोवर त्यांनी कुठून कुठून चार पिंपं पाणी आणून गोणपाटं भिजवून पट्ट्यावर अंथरली होती. वरंब्यांची माती उलून गेली होती. त्यांनी तळहात काँक्रीटवर फिरवला आणि मला दाखवला. पांढरी भुकटी.  पुढे चौदाच्या जागी वीस दिवस पाणी मारलं त्यांनी. पण जे गेलं ते गेलं होतं.

पाणी मारल्याची एक वही असते. रोज भरायची, सही करायची. त्या तीन दिवसांसमोर मी बाकीच्या दिवसांसारखंच लिहिलं. दोन खेपा, वाफे भरले.

पुढच्या पावसाळ्यानंतर ओट्याचे, विशेषतः त्या शेवटच्या पट्ट्याचे, पापुद्रे सुटायला लागले. बारीक खडे मोकळे झाले. एका पाहुण्याचं छोटं विमान सुरू होताना त्यातला एक खडा उडाला आणि पंख्याच्या पात्याचा टवका निघाला. माणसाला काही झालं नाही, पण विमान तिथेच अडकलं आणि पाहुणे जीपमधून गेले. मग चौकशी लागली.

चौकशी ओट्यावरच झाली. मोठे साहेब, चेअरमन, मी आणि बोलावून आणलेली सगळी टोळी. काँक्रीट टाकताना त्याच मालाचे ठोकळे भरून ठेवतात, तपासायला. आमचे ठोकळे इमारतीमागच्या टाकीत पाण्याखाली होते. ती टाकी मी कधी सुकू दिली नव्हती. ते उत्तम उतरले होते. वहीत पाणी रोजचं. साहेबांनी दोन्ही कागद पाहिले आणि म्हणाले, "ठोकळ्यात माल चोख, पाणी बरोबर, आणि ओट्याचा भुसा. याचा अर्थ काय? दाखवायला एक माल आणि टाकायला दुसरा."

चेअरमनला तेवढंच पाहिजे होतं. संस्थेवर बालंट येण्यापेक्षा माणसावर आलेलं बरं. ते सगळ्यांसमोर ओरडले, "काय बे मिस्त्री, सिमेंट कुठं गेलं? घरी मोरी बांधली म्हणं औंदा!"

मोरी बांधली होती हे खरं होतं. दोन पोत्यांचं काम, रीतसर विकत आणलेल्या. ती पोती आणायला मीच माझी मोटारसायकल दिली होती.

मिस्त्री म्हणाले, "माल चोख होता." आणि माझ्याकडे पाहिलं. मुलगा त्यांच्या शेजारी उभा होता. त्याने बापाच्या नजरेमागोमाग माझ्याकडे पाहिलं, मग परत बापाकडे. तो वाट पाहत होता. बाप अजून काहीतरी बोलेल, कुणीतरी काहीतरी बोलेल.

मी बोललो नाही. नोकरी जाईल ही भीती होती. बहिणीच्या सासरी कळेल की लग्न चोरीच्या पाण्यावर झालं, ही होती. इतकी वर्षं मी स्वतःला ही दोनच कारणं सांगत आलो. तिसरं आज लिहितो. आळ दुसऱ्यावर गेलेला बघून मला हलकं वाटलं होतं. छातीवरचं काहीतरी उतरावं तसं. आणि मिस्त्री बोलणार नाहीत हेही मला कळलं होतं, कारण पंगतीत जेवलेला माणूस मुलीच्या लग्नाचं पाणी काढणार नाही. त्यांच्या त्या रीतीच्या आड मी उभा राहिलो.

संस्थेने मिस्त्रींना काढून टाकलं. मुलाने घरी जाऊन बापाला विचारलं, "मोरीचं सिमेंट कुठलं?" बाप म्हणाला, "इकतचं." मुलगा म्हणाला, "मग ओटा कसा गेला?" त्यावर बापाजवळ उत्तर होतं, पण दिलं नाही. हे मला टोळीतल्या एकाने सांगितलं. वर्षभरात मुलगा बायकोला घेऊन पुण्याला गेला. गावात कुणाशी भांडण झालं की लोक मिस्त्रींना सिमेंटवरून बोलायचे, आणि मुलानेही एकदा तसंच बोलून दाखवलं म्हणे. त्यानंतर मिस्त्रींनी स्लॅबचं काम घेतलंच नाही. मिळालंही नसतं. गुरांच्या दावणी, धुण्याचे दगड बसवणं, पडक्या भिंतींची डागडुजी, असलीच कामं करत राहिले. मी नेकनूरवरून कितीदा गेलो असेन. स्टँडला बस थांबली की तोंड दुसरीकडे करून बसायचो.

ओटा फोडला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी नेकनूरला उतरलो.

मिस्त्री दारातच बसले होते, भिंतीला टेकून. केस पांढरे, एका डोळ्यात मोतीबिंदू. मी हाक मारली, तसं आवाजावरून ओळखलं.

"या साहेब. बसा. ओटा फोडायला काढलाय म्हणं."

"हो. मिस्त्री, आतून दगड निघाला. इंजिनिअर बाई म्हणाल्या, आतला माल एक नंबर. पाणी मिळालं नाही म्हणून वरून गेला."

"बरं," ते म्हणाले.

"ते पाणी मी नेलं होतं. बहिणीच्या लग्नाला. वहीत खोटं लिहिलं. चौकशीत मी बोलायला पाहिजे होतं."

एवढं बोलायला मला बावीस वर्षं लागली आणि बोलून संपायला अर्धा मिनिटही लागला नाही.

"मला काय सांगता?" ते म्हणाले. "मी टँकर बघितलाता की. तुमीच तर पाणी घातलं हातावर."

"तरी तुम्ही बोलला नाहीत."

"लेकीच्या मांडवात पाणी कुठून आलं, असं इचारतेत व्हय? अन् चौकशीत म्हटलं, साहेब बोलतील. आज न्हाई तर उद्या. दोन पावसाळे वाट बघितली. मग सोडून दिलं." मग म्हणाले, "ताई बरी हाय का?"

"बरी आहे."

"मग झालं."

पण झालं नव्हतं. आतून त्यांची बायको बाहेर आली. चहा घेऊन येईल असं वाटलं, पण तिच्या हातात मोबाइल होता. तिने तो नवऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि मला म्हणाली, "ह्यांना सांगून काय उपेग? ह्यांना ठावं होतं. पोराला सांगा. सणासुदीला बी येत न्हाई त्यो. आला तरी मोरीत हात धुवत न्हाई, बाहेर धुतोय."

मिस्त्री म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं."

"कावून ऱ्हाऊ दे?" ती म्हणाली आणि तिनेच फोन लावला.

मुलाचा आवाज आता भारी झालाय. तो पुण्यात छोटी कामं घेतो. मागे मिक्सर चालू होता. मी माझं नाव सांगितलं, त्याला लगेच कळलं. मी सगळं सांगितलं. टँकर, तीन दिवस, वही, चौकशी. मोरीची पोती माझ्या गाडीवर आणलेली हेही सांगितलं.  तो म्हणाला, "मिक्सर बंद कर रे," ते त्याच्या माणसाला. मग मला, "साहेब, मी त्या लग्नात जेवलो होतो."

"हो."

"टँकर मीबी बघितला असता. मी मागं गेलोच न्हाई. पंगतीतच बसून राहिलो." मग म्हणाला, "आन् त्यांना ठावं होतं?"

"हो."

"मग मला का न्हाई सांगितलं त्यांनी? बावीस वर्षं? मी काय काय बोललो त्यांना..." आवाज चढला होता. तो माझ्यावर चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्या रागाच्या हिशेबात नव्हतोच. "द्या त्यांना," तो म्हणाला.

मी फोन मिस्त्रींना दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि माझ्याकडे न बघता हाताने जा म्हणून खूण केली. रागाने नाही, साइटवर काम आटोपलं की टोळीला करायचे तशीच.

मी रस्त्याला लागलो. बीडची बस यायला वेळ होता. पलीकडून घराचं दार दिसत होतं. बायको उंबऱ्यावर बसली होती, पदर तोंडाला लावून. मिस्त्री तसेच भिंतीला टेकून, फोन कानाला. ते बोलत होते, का नुसतं ऐकत होते, का दोन्हीकडून नुसताच फोन धरलेला होता, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. बस आली तरी त्यांनी तो कानावरून काढला नव्हता.